थीम पार्कच्या सहलीचा शेवटचा दिवस कसा घालवावा?

तुम्ही लिहिलंय की घरची सहा माणसं, सोबत सासूबाई, असे दोन दिवस खोपोलीजवळच्या इमॅजिकाला निघालाय आणि दुसऱ्याच रात्री पुण्याहून लातूरची गाडी धरायची आहे. मग शेवटच्या दिवशी राहिलेल्या राइड उरकाव्यात की लवकर बाहेर पडावं, असा तुमचा प्रश्न. आम्हीही लातूरचेच. मागच्या मे महिन्यात हीच सहल करून याच गाडीने परत आलो. माझं म्हणणं असं, की शेवटच्या दिवशी काही उरकायच्या मागे लागू नका. सकाळ लेकरांना द्या आणि दुपारपासूनचा वेळ तुमच्यात ज्याने पिशव्या सांभाळल्या त्याला द्या. तुमच्याकडे त्या बहुतेक सासूबाईच असतील.

आमच्याकडे माझी आई होती. वय 63. पहिला दिवस वॉटर पार्कचा होता. आम्ही सगळे पाण्यात आणि आई बाकावर. शेजारी चार पिशव्या, सगळ्यांच्या चपला, मांडीवर मोबाईल आणि चष्मे. "चल की आई," असं मी एकदा म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही जावा. मला काय कळतंय त्यातलं." मी लगेच मान्य केलं, कारण मलाही पाण्यात जायची घाई होती. तिकीट तिचंही काढलेलं होतं. लाटांच्या तळ्याकडे बघत ती दिवसभर बसून राहिली.

रात्री लॉजवर लेकरं झोपल्यावर तिने विचारलं, "एवढं पाणी रोज सोडून देतात का रे?"

आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ते तुम्हीही पाहिलं असेल. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, होत्या, एकेकीत 50 हजार लिटर. त्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघत आई घागरींपाशी रात्र रात्र जागली आहे. मी तिला सांगितलं की अशा पार्कात तेच पाणी पंपाने फिरवतात, गाळतात, क्लोरीन घालून पुन्हा सोडतात. उन्हाने उडालेलं, सांडलेलं आणि लोकांच्या अंगाकपड्यांबरोबर बाहेर गेलेलं, तेवढं वरून भरावं लागतं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग ठीक आहे. मला वाटलं वाहून जातंय."

म्हणजे आम्ही उड्या मारत होतो तेव्हा ती दिवसभर याच काळजीत बसली होती. मला त्या रात्री लवकर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी थीम पार्क. सकाळी उघडता उघडता आत जा, तेव्हा रांगा लहान असतात. थोरल्याला नायट्रोत बसायचं होतं, तो रोलर कोस्टर लांबूनच दिसतो. धाकटी मात्र उंचीच्या पट्टीला दोन बोटं कमी पडली आणि तिथेच रडायला लागली. तुम्ही लेकरांची उंची घरीच मोजा. कोणत्या राइडला किती उंची लागते ते आधी बघून लेकरांना सांगून ठेवा, म्हणजे दारात जाऊन परत फिरायची वेळ येत नाही. तिला गप्प करायला मी राजासॉरसच्या बोटीकडे नेलं आणि सांगितलं की हा डायनासोर बनवलेला नाही, खरंच आपल्या देशात होता. त्याची हाडं गुजरातमध्ये तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात सापडली, आणि 2003 मध्ये नर्मदेवरून त्याचं नाव राजासॉरस नर्मदेन्सिस ठेवलं. ती भिजून बाहेर आली ती हसतच.

दुपारी जेवणं झाली आणि मी सगळ्या पिशव्या भाड्याच्या लॉकरमध्ये टाकल्या. हे आम्ही पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. मग आईला म्हटलं, "आता तू म्हणशील तिकडं." आधी ती नकोच म्हणाली. लेकरांनी दोन्ही हात धरले तेव्हा उठली. गोल फिरणाऱ्या घोड्यांपाशी थांबून म्हणाली, "सिद्धेश्वराच्या जत्रेत असले असायचे. तुझे आजोबा बसू द्यायचे नाहीत." ती बसली. धाकटी शेजारच्या घोड्यावर. उतरल्यावर परत एकदा बसली.

नंतर 'आय फॉर इंडिया'ला गेलो. तिथं खुर्च्यांसकट माणसं मोठ्या पडद्यासमोर उचलली जातात आणि आपण देशावरून उडत चाललोय असं वाटतं. आईला गुडघे सोडले तर काही त्रास नाही, म्हणून नेलं. सासूबाईंना हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा पाठीचा त्रास असेल तर दारावरची पाटी वाचा, तिथल्या माणसाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर आग्रह करू नका. खाली डोंगर सरकत होते आणि आई पाय वर ओढून घेत होती, माझा हात तिने घट्ट धरला होता. लहानपणी रस्ता ओलांडताना ती माझा धरायची, तसा. थोरला म्हणाला, आता आपण अजून एक मोठी राइड करू. मी नाही म्हणालो. त्या दिवशी पाचसहा राइड राहिल्या आमच्या, आणि त्यांची नावंही आता आठवत नाहीत.

बाकीचं थोडक्यात सांगतो. साडेचार-पाचला निघा. रविवार असेल तर त्याच्याही आधी, कारण घाटात गाड्या तुंबतात. ओले कपडे वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि रात्रीचा एक कोरडा जोड प्रत्येकाचा वरच ठेवा. खेळण्यांचे पैसे लेकरांच्या हातात पहिल्या दिवशीच मोजून द्या, म्हणजे बाहेर पडताना दुकानात रडारड होत नाही. गाडीच्या तिकिटावरची तारीख आजच तपासा. लातूर एक्सप्रेस पुण्याला मध्यरात्र उलटल्यावर येते, तेव्हा तारीख बदललेली असते. आमच्या ओळखीतल्या एका घरातली सगळी माणसं एक दिवस उशिरा स्टेशनवर पोचली होती.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी लॉजवरच ठेवा, ती पुण्याच्या फलाटावर कामी येते. आम्ही तिथंच जेवलो. गाडीत चढल्या चढल्या लेकरं आडवी झाली, मीही झोपलो. धाराशिव गेल्यावर उजाडलं तेव्हा जाग आली. आई खिडकीपाशी बसून समोरच्या बाईंना सांगत होती, "वाहून जात नाही हो ते. गाळून परत तेच सोडतात."