वाचकांचे प्रश्न : लातूरचा उन्हाळा आणि संगणकातील वॉटर कूलिंग

प्रश्न : मी लातूरला इमारतींची त्रिमितीय चित्रे तयार करतो. उन्हाळ्यात संगणक तापून मंदावतो, म्हणून १२५ वॅटचा प्रोसेसर आणि २५० वॅटचे ग्राफिक्स कार्ड या दोन्हींसाठी स्वतः वॉटर कूलिंग बसवण्याचा विचार आहे. खोलीत कूलर असतो. रेडिएटर केवढा घ्यावा आणि पाणी कोणते व किती लागेल?

उत्तर : घरातल्या कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि त्यामुळे हवा गार होते, संगणकातले पाणी मात्र बंद नळ्यांतून फिरते आणि प्रोसेसर व कार्डाची उष्णता रेडिएटरमध्ये, म्हणजे पंखे लावलेल्या जाळीत, नेऊन खोलीतल्या हवेत सोडते, त्यामुळे ते खोलीतील हवेपेक्षा थंड कधीच होणार नाही. म्हणून आखणीची सुरुवात मे महिन्यातल्या भर दुपारच्या खोलीच्या तापमानापासून करावी. खोली ३४ अंशांवर राहत असेल, तर पाणी ४४ अंशांच्या आसपास ठेवण्याचे उद्दिष्ट योग्य आहे. दहा अंशांच्या या फरकात १२० मिलिमीटर पंख्याएवढा रेडिएटरचा भाग, पंखा मध्यम वेगाने फिरत असताना, ढोबळमानाने शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. आपल्या ३७५ वॅटसाठी असे चार भाग जेमतेम पुरतील. आपल्याकडचा उन्हाळा पाहता मी ३६० आणि २४० मिलिमीटरचे दोन रेडिएटर, म्हणजे असे तीन अधिक दोन भाग, सुचवीन. ते बसतील का, हे कॅबिनेट मोजून आधीच पाहावे.

पाणी आधी प्रोसेसरकडे जावे की आधी कार्डाकडे, या क्रमाची चिंता नको. मिनिटाला चार लिटर प्रवाह असल्यास ३७५ वॅटने पाणी जेमतेम दीड अंशाने तापते. फक्त टाकी पंपाच्या आधी आणि त्याहून उंचावर असावी, म्हणजे पंप कोरडा फिरणार नाही.

पाण्याबाबत मात्र तडजोड करू नये. बोअरचे पाणी क्षारयुक्त असते आणि आरओच्या पाण्यातही काही क्षार उरतातच. त्यामुळे गंजरोधक आणि शेवाळरोधक घातलेले डिस्टिल्ड पाणीच वापरावे. ते साधारण एक लिटर लागते आणि वर्षातून एकदा बदलले की पुरते. २०१६ साली ज्या शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या वाचकाला हा प्रश्न पडणे स्वाभाविकच आहे. तांब्याच्या ब्लॉकसोबत (प्रोसेसर व कार्डावर बसणारा, आतून पाणी वाहणारा ठोकळा) ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नये, कारण एकाच पाण्यात या दोन धातूंपैकी ॲल्युमिनियम झिजत जाते.

जोडणी झाल्यावर मदरबोर्ड आणि कार्ड यांना वीज न देता केवळ पंप २४ तास चालवावा आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवावा. कागद कोरडा राहिला, तरच संगणक सुरू करावा.