सर्व्हरवर वर्डचं पीडीएफ करायचंय, लायसन्स घेऊ का?

प्रश्न : भाऊ, सिव्हिल लाइन्सला आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर वकील लोकांच्या वर्ड फाइली येतात, त्या एका फोल्डरमध्ये टाकल्या की आपोआप पीडीएफ व्हाव्या म्हणून कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर (तेच आमचं सर्व्हर) बाहेरदेशातल्या एका कंपनीचं कन्व्हर्टर डाउनलोड केलं. ट्रायल आहे तर प्रत्येक पानावर आडवा शिक्का येते. लायसन्स विचारलं तर म्हणे मशीनच्या प्रोसेसरमध्ये जितके कोर, त्या हिशेबानं डॉलरमध्ये भरा, अन भरायला गेलो तर कार्डच चालत नाही. पोरगा म्हणते क्रॅक टाकू, म्हणजे लायसन्सशिवाय चालवायची चोरटी फाइल. काय करू?

उत्तर : पोराला आधी थांबवा राजेहो. त्या मशीनवर लोकांची ॲफिडेव्हिटं अन आधारच्या झेरॉक्स पडून असतील, क्रॅकसोबत अजून काय काय आत शिरलं ते तुम्हाला कळणारही नाही.

कार्डाचं सोपं आहे, रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानं नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असते, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करायचा. पण घाई नका करू, कारण मला वाटते तुम्हाला हे विकत घ्यायची गरजच नाही.

लिब्रेऑफिस टाका, एमएस ऑफिससारखंच सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे, धंद्यात वापरलं तरी फुकट, किती मशीनवर टाकता अन किती कोर आहेत हे कोणी विचारत नाही. त्याचा हेडलेस मोड असते, म्हणजे खिडकी न उघडता मागच्या मागे फाइलचं पीडीएफ करते, फोल्डरवर नजर ठेवणारी छोटी स्क्रिप्ट कॉम्प्युटरवाला पोरगा अर्ध्या दिवसात लिहून देईल (क्रॅक शोधण्यापेक्षा तुमच्याच पोराला हे काम द्या). फक्त दोन फाइली एकाच वेळी चालवायच्या असतील तर दोघींना वेगळं प्रोफाइल फोल्डर (लिब्रेऑफिस आपल्या सेटिंग ठेवते ते) द्यायला सांगा, नाहीतर दुसरी अडते. दुकानात एमएस ऑफिस आहे तर तेच सर्व्हरवर का नको असं वाटेल, पण माणूस समोर नसताना सर्व्हरवर ऑफिस असं चालवू नका हे मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते.

खरी भानगड फॉन्टची आहे. कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल आतून इंग्रजी अक्षरंच असते, त्या मशीनवर कृतिदेव नसला तर "नागपूर"च्या जागी "यू के एक्स आय डब्ल्यू जे" छापून येईल, अन हे महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी तसंच येईल. म्हणून दुकानात चालतात ते सगळे फॉन्ट सर्व्हरवर टाका, मग आपल्याच वीस-पंचवीस किचकट फाइली, टेबलं, शिक्क्याचे फोटो, लीगल साइजचे कागद असलेल्या, त्यातून काढून पाहा अन पानं मोजा. तीस पानांचं एकतीस झालं तर वकीलसाहेब तुम्हालाच बोलतील.

एवढं करूनही जमलं नाही तरच लायसन्सकडे वळा. मशीन आठ कोरचं असेल तर आठही मोजणार का, अन उद्या मदरबोर्ड बदलला तर लायसन्सची की पुन्हा चालू करून देणार का, हे पैसे भरायच्या आधी ईमेलवर लिहून घ्या, फोनवरचं बोलणं कामात येत नाही. जीएसटी नंबर असेल तर बाहेरच्या कंपनीच्या बिलावर 18 टक्के रिव्हर्स चार्जमध्ये तुम्हालाच भरावा लागते, त्याचं क्रेडिट नंतर मिळते, म्हणजे आपल्या जीएसटीतून वजा होते, पण कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर तेही नाही. म्हणजे डॉलरचा आकडा पाहून हिशेब केला असेल तर त्यावर हे धरा, सीएला बिल दाखवूनच कार्ड काढा.