टोपी आणि दोन खंजीर

प्रश्न : प्राचीन रोमच्या चांदीच्या एका नाण्याचे छायाचित्र पाहण्यात आले. मागच्या बाजूस दोन खंजिरांच्या मधोमध एक टोपी आहे. या चित्राचा अर्थ काय, आणि तो सामान्य रोमन माणसाला उमगत असेल का?

उत्तर : हे ब्रुटसचे दिनारियस, म्हणजे रोमचे चांदीचे नाणे, आहे. ज्युलिअस सीझरच्या हत्येत सामील असलेल्या आणि त्यानंतर पूर्वेकडे जाऊन सैन्य उभारणाऱ्या मार्कस ब्रुटसने इ.स.पू. ४३-४२च्या सुमारास, सैन्याचा पगार भागवण्यासाठी, छावणीबरोबर फिरणाऱ्या टांकसाळीत ते पाडले. टोपीखालची लॅटिन अक्षरे १५ मार्च हा सीझरच्या वधाचा दिवस सांगतात. नमद्याची ही टोपी, म्हणजे पिलेउस, दास्यातून मुक्त झालेला माणूस डोक्यावर घालत असे; म्हणजे खंजिरांनी रोमला स्वातंत्र्य मिळवून दिले, असा ब्रुटसचा दावा. खंजिरांच्या मुठी निरनिराळ्या आहेत, आणि ते ब्रुटस व कटातला त्याचा साथीदार कॅसियस या दोघांचे मानले जातात. गंमत अशी की दर्शनी बाजूवर ब्रुटसने स्वतःचाच चेहरा कोरून घेतला. हयात रोमन नेत्याने रोमच्या नाण्यावर झळकण्याचा पायंडा इ.स.पू. ४४मध्ये पाडला होता तो सीझरनेच.

चिन्हाचा अर्थ मात्र त्याच्या सोबतीवरून ठरतो. इ.स.पू. २११च्या सुमारास दिनारियस सुरू झाले, तेव्हा त्यावर शिरस्त्राणधारी रोमा देवी आणि मागे घोडे दौडवणारे कॅस्टर व पोलक्स हे जुळे देव असत. त्यांच्याही डोक्यावर तशीच टोपी दिसते, पण वर तारे असल्याने तिथे ती देवांची खूण ठरते.

अक्षरओळख नसलेल्यालाही हे कळत असावे, असे मला वाटते, कारण दास्यमुक्ती हा रोममधला नित्याचा प्रसंग होता आणि मुक्त झालेल्याची टोपी सर्वांच्या ओळखीची होती. ऑगस्टसने इजिप्त जिंकल्यावर दिनारियसवर मगर कोरली, तेव्हाही वाचण्याची फारशी गरज नव्हती. याउलट पुरोहितांची उपकरणे किंवा टांकसाळ-अधिकाऱ्याच्या घराण्याच्या दंतकथा सुशिक्षितांपुरत्याच राहिल्या असाव्यात.

ब्रुटसचे चित्र मात्र लोकांच्या स्मरणात राहिले. इ.स. ६८मध्ये नीरोविरुद्ध उठाव झाला, तेव्हा शंभराहून अधिक वर्षांनी, तीच टोपी आणि तेच दोन खंजीर पुन्हा दिनारियसवर आले, आणि त्या नाण्यांवर कोणाही सम्राटाचा चेहरा नव्हता.