हायबरनेटमध्ये (जावा प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) प्रत्येक रिक्वेस्टला नवीन सेशन उघडलं तर अ‍ॅप्लिकेशन स्लो होतं का? एकच सेशन उघडून सगळीकडे वापरावं का?

नाही, आणि दुसऱ्या प्रश्नाला तर अजिबात नाही. सेशन (डेटाबेसशी एका कामापुरता संवाद) ही हलकी वस्तू आहे, पहिली क्वेरी किंवा ट्रान्झॅक्शन सुरू होईपर्यंत ती डेटाबेसकडे फिरकतही नाही. महाग असते ती सेशन बनवून देणारी सेशन फॅक्टरी. ती अ‍ॅप्लिकेशन चालू होताना एकदाच बनवा. एकच सेशन सगळ्या थ्रेड्समध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या कामांमध्ये) फिरवलंत तर एकाचा डेटा दुसऱ्याच्या गळ्यात पडेल आणि त्यातली कॅश फुगत जाईल ते वेगळंच.

पण मी लिहायला बसलो ते यासाठी नाही. तुम्ही प्रश्नात जाता जाता म्हटलंय की टीम लीडने पूल (उघडून ठेवलेल्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनचा साठा) लावू दिला नाही, कारण ‘आजकाल कनेक्शन उघडणं फुकट आहे’. हे वाक्य मी दहा वर्षांपूर्वी कर्वे रस्त्यावरच्या एका तीन खोल्यांच्या ऑफिसात ऐकलंय. शब्दसुद्धा जवळपास हेच.

आम्ही पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करायचो. पिग्मी एजंट दिवसभर दुकानं फिरून संध्याकाळी मशीनमधून पावत्या अपलोड करायचे. अ‍ॅप्लिकेशन पुण्यात, पोस्टग्रेस डेटाबेस मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये. कोड साधा जेडीबीसीचा (जावातून डेटाबेसशी थेट बोलण्याची पद्धत): खातं शोधा, पावती टाका, शिल्लक बदला. तीन मेथड, आणि प्रत्येक मेथड स्वतःचं कनेक्शन उघडून बंद करणार. मी पूल लावूया म्हटलं तर आमच्या वरिष्ठांनी, म्हणजे सरांनी, मला शेजारी बसवून स्वतःच्या लॅपटॉपवर लूप चालवून दाखवला. हजार कनेक्शन, चार सेकंद. ‘बघ, कशाला उगाच गुंतागुंत?’ सगळ्यांसमोर. मी गप्प.

लॅपटॉपवर अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस एकाच यंत्रात असतात, ही तिथली मेख. पुणे-मुंबईत टीसीपीचा (जोडणी जुळवण्याचा) एक हेलपाटा, एसएसएल (माहिती सांकेतिक करून पाठवणं) चालेल का विचारायला एक, त्याच्या तेव्हाच्या टीएलएस रूपाचे दोन, मग पासवर्डचे दोन. असे सहा-सात हेलपाटे झाल्यावर कुठे तुमची क्वेरी निघते. पलीकडे पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळा प्रोसेस जन्माला घालतं, तो खर्च निराळा. मी मोजलं तेव्हा उघडायला ४० मिलिसेकंद लागत होते आणि क्वेरीला ५. एका एजंटच्या २०० पावत्या म्हणजे ६०० कनेक्शन, म्हणजे २४ सेकंद नुसते दार उघडण्यात. मशीन २० सेकंदांत कंटाळायचं. एजंट परत बटण दाबायचा. आधीचं काम सर्व्हरवर चालूच, त्यावर हे दुसरं.

२८ मार्च २०१६, सोमवार. वर्षअखेर. संध्याकाळी साडेसातला पाच मिनिटांत दोन-तीनशे एजंट तुटून पडले आणि पोस्टग्रेसने ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ म्हणून हात वर केले. मर्यादा मुळातली १००, त्यातली ३ सुपरयूझरसाठी राखीव. सरांनी काय करावं? ती ५०० केली. हा आकडा बदलला की डेटाबेस रीस्टार्ट करावा लागतो, तोही त्यांनी भर गर्दीत केला. मग ५०० प्रोसेस, ८ जीबी रॅम, स्वॅप (रॅम पुरेना म्हणून डिस्कवर ढकलणं). वाई आणि बारामतीचे चेअरमन एकाच वेळी फोनवर. तेव्हा फोन उचलायला सर नव्हते, मी होतो.

मंगळवारी रात्री मी हिकारीसीपी लावला, १० कनेक्शनचा पूल. जेवायला घरी गेलो नाही, पोह्यांवर भागवलं. बुधवारी तोच एजंट, त्याच २०० पावत्या, तीन-चार सेकंद. लवकर संपतं म्हणून गर्दीच होत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. मर्यादा परत १०० वर आणली, कोणाला कळलंही नाही.

तर तुमच्या लीडला म्हणावं, लूप लॅपटॉपवर नका चालवू, जिथे अ‍ॅप्लिकेशन राहतं तिथून चालवा. हायबरनेटसोबत एक कामचलाऊ पूल येतो खरा, पण तो प्रॉडक्शनसाठी नाही असं त्याचं डॉक्युमेंटेशनच सांगतं. पूल केवढा ठेवायचा, तर डेटाबेस सर्व्हरच्या प्रोसेसरमधल्या कोअरची दुप्पट अधिक थोडं, इथून सुरुवात करा. शंभर-दोनशे ठेवणाऱ्यांना डेटाबेस चालवायचा नसतो, भीती घालवायची असते.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मेमध्ये माझ्याच पुलाने सगळं बंद पाडलं. एका मेथडमध्ये एक्सेप्शन आलं की कनेक्शन परत जात नव्हतं. दिवसाला एखादं गळत गेलं आणि एके दुपारी दहाच्या दहा संपली. सरांना त्या दिवशी झालेला आनंद मी विसरणार नाही. ट्राय-विथ-रिसोर्सेस (काम फसलं तरी कनेक्शन आपोआप बंद करणारी जावाची रचना) वापरा आणि पुलाचं लीक डिटेक्शन (परत न आलेल्या कनेक्शनची सूचना) चालू ठेवा. स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) असेल तर ‘ओपन इन व्ह्यू’ बंद करा. ते मुळातच चालू असतं आणि पान तयार होईपर्यंत कनेक्शन धरून बसू शकतं. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक कनेक्शनला प्रोसेसऐवजी थ्रेड असतो, त्यामुळे उघडणं थोडं स्वस्त पडतं. पण तिथे ८ तास पडून राहिलेलं कनेक्शन सर्व्हर तोडतो, म्हणून सकाळी पहिल्या माणसाला एरर येते. आणि तुमचं काम रात्रीतून एकदा चालणारी एखादी स्क्रिप्ट असेल तर यातलं काहीही करू नका, तुमचे लीड बरोबर आहेत.

सर मागच्या वर्षी कोथरूडच्या एका कार्यालयात, लग्नाच्या पंगतीत भेटले. शेजारच्याला सांगत होते, ‘त्या मार्चमध्ये रॅम १६ केली म्हणून वाचलो.’ रॅम आली २ एप्रिलला, शनिवारी. ३० आणि ३१ मार्चचे लॉग माझ्याकडे अजून आहेत.