घाट चढताना काही नाही, उतरताना मात्र गुडघा धरतो

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी साताऱ्याची. वय बेचाळीस, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आपल्या माणदेशच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या फायनलपर्यंत गेल्या, तेव्हा शाळेतल्या पोरींना पळवायचं म्हणून मी मैदानात उतरले. त्या पोरी केव्हाच शाळेतून गेल्या, मी अजून पळतेय. आठवड्यात शाहू स्टेडियम आणि रविवारी समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट.

गेल्या हिवाळ्यापासून उजवा गुडघा दुखतोय. बाहेरच्या अंगाला, अगदी बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी. घाट चढताना काही नाही. उतरायला लागलं की थोड्या वेळानं चमक येते, मग अशी आग होते की पाय ताठ ठेवून लंगडत यावं लागतं. थांबले की लगेच उतरतं. दुसऱ्या दिवशी शाळेचा जिना उतरताना जाणवतं. सूज कधी आली नाही.

एका डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, "वंगण कमी झालंय, पळणं सोडा." दुसऱ्यांनी एमआरआय करायला लावला. त्यात आतल्या बाजूच्या गादीला, मेनिस्कसला, 'ग्रेड टू' बदल आहेत असं आलंय आणि वंगणाचं इंजेक्शन सुचवलंय. गावाकडचा हाडवैद्य म्हणतो शीर चढलीय. त्यानं तेल लावून असं रगडलं की मांडी काळीनिळी झाली. पूर्ण विश्रांतीही घेऊन बघितली. बरं वाटलं, आणि पहिल्याच घाटाला पुन्हा तेच. आता लांब पळायचं असलं की आधी पेनकिलर घेते आणि रात्री मांडीवर लाटणं फिरवते. सासूबाई विचारतात, "एवढं पळून कुणाची गाडी गाठायचीय?" सप्टेंबरच्या हिल मॅरेथॉनला नाव घालून बसलेय. गुडघा झिजलाय का? आणि पळू का नको?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, तुमचा रिपोर्ट आतल्या बाजूबद्दल बोलतोय आणि तुम्ही बोट ठेवताय बाहेरच्या बाजूला. तुमची फाईल माझ्यासमोर असती तर मी आधी हेच विचारलं असतं. 'ग्रेड टू' म्हणजे गादीच्या आत थोडा बदल, पृष्ठभागापर्यंत पोचलेली फाट नव्हे. चाळिशी ओलांडलेल्या, काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये तो सापडतो. आणि वंगणाचं म्हणाल, तर एक्स-रेत वंगण दिसतच नाही. हाडं दिसतात आणि त्यांच्यामधलं अंतर दिसतं. आपल्याकडे चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईचं वंगण आधी संपवतात, मग तपासतात!

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला संशय आहे तो आयटी बँडचा. कमरेच्या बाजूपासून मांडीच्या बाहेरून हा जाड पट्टा खाली येतो आणि गुडघ्याच्या जरा खाली नडगीच्या हाडाला चिकटतो. गुडघा साधारण ३० अंशांत वाकला की हा पट्टा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर दाबला जातो आणि त्याखालचा नाजूक, चरबीचा थर चिरडतो. पूर्वी याला घासणं म्हणायचे, आता दाबणं मानतात. घाट उतरताना आपण स्वतःला मागे ओढत, पाऊल लांब टाकत येतो, आणि प्रत्येक पाऊल नेमकं त्याच कोनात पडतं. त्यात कुल्ल्याचे बाजूचे स्नायू कच्चे असले की मांडी आत झुकते आणि पट्टा आणखी ताणला जातो. चढावर गुडघा त्यापेक्षा जास्त वाकलेला असताना पाऊल पडतं, म्हणून तिथे त्रास नाही. विश्रांतीनं बरं वाटलं कारण चिरडणं थांबलं. स्नायू होते तसेच राहिले, म्हणून पहिल्या घाटाला गाडं पुन्हा तिथंच अडलं.

वाटीच्या मागचं दुखणंही जिना उतरताना छळतं, पण ते समोरून दुखतं आणि फार वेळ मांडी घालून किंवा खुर्चीत बसलं की वाढतं. ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तरी एकदा हात लावून तपासून घ्या. कागदावरून मी अंदाज सांगू शकते, निदान नाही.

पेनकिलर घेऊन पळणं आजपासून बंद. गोळीनं आग कळत नाही, चिरडणं चालूच राहतं. शिवाय घाम गाळत तासन्‌तास पळताना या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात. वंगणाचं इंजेक्शन झिजलेल्या सांध्यासाठी वापरतात, तिथेही त्याचा फायदा वादातलाच आहे. तुमच्या दुखण्याला ते लागू नाही. लाटण्यानं तात्पुरतं मोकळं वाटत असेल तर फिरवा, पण दुखऱ्या जागेवर नको. तो पट्टा इतका चिवट आहे की लाटून सैल होत नाही. हाडवैद्याला मात्र आता मांडी देऊ नका.

पळणं सोडू नका, उतार सोडा. सपाटीवर दुखत नाही तेवढं पळा. रविवारी घाट चढून जा आणि कासहून येणारी एसटी किंवा कुणाची तरी स्कूटी पकडून खाली या. लोक हसतील, हसू द्या. रस्त्याच्या एकाच कडेनं पळत असाल तर ते बदला. कडेचा उतार एका पायाला कायम खाली ठेवतो. मिनिटाला पावलं किती पडतात ते मोजा आणि वेग तोच ठेवून पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा. म्हणजे पाऊल आखूड होतं आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो.

खरं काम कमरेचं आहे. एक दिवसाआड करा. डाव्या कुशीवर, पाठ भिंतीला लावून झोपा आणि वरचा पाय टाच भिंतीला घासत उचला. पाय पुढे आला तर व्यायाम फुकट. मग पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळू जमिनीला टेकवून परत वर या, गुडघा आत पडू न देता. हे आरशासमोर करा, कारण आपला गुडघा आत पडतोय हे आपल्याला पटत नसतं. दोन्ही बारा-पंधरा वेळा, तीन फेऱ्या, दोन्ही पायांनी. पायरीचा व्यायाम दुखायला लागला तर पायरी बुटकी घ्या. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि मधे कंटाळा येतो. बहुतेक लोक तिथेच सोडतात.

झिजेबद्दल. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. हौसेनं पळणाऱ्यांत गुडघ्या-खुब्याची झीज सुमारे साडेतीन टक्के लोकांत होती, न पळणाऱ्यांत दहा टक्क्यांच्या आसपास, आणि स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांत तेरा. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते पळायला येतच नाहीत, म्हणून या आकड्यांवरून पळण्यानं गुडघा वाचतो असं मी म्हणणार नाही. पण हौसेनं पळून तो झिजतो, असं तर मुळीच दिसत नाही. सासूबाईंना हे वाचून दाखवायला हरकत नाही.

पळल्यावर त्याच दिवशी गुडघा सुजला, मधेच अडकला, पाय दगा देऊ लागला, रात्री झोपेतही ठणकला किंवा हाडावर एकाच जागी दाबून कळ आली, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

आता शर्यत. ती जाऊन-येऊन आहे, म्हणजे दुसरा निम्मा भाग उतार, आणि तिथे एसटी चालत नाही. जुलैअखेर आधी घाटाचा छोटा तुकडा उतरून बघा. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य धरून दुखणं तीनपर्यंतच राहिलं आणि सकाळपर्यंत गेलं, तर दर आठवड्याला थोडा वाढवा. ऑगस्टच्या शेवटापर्यंत गोळीशिवाय पूर्ण घाट उतरता आला तर पळा. नाही आला तर नंबर बाजूला ठेवा आणि समर्थ मंदिरापाशी पाणी वाटायला उभ्या राहा.