तुमची गाडी, तुमचे प्रश्न: स्विच गरम होते म्हणजे काय?

प्रश्न: नमस्कार भाऊ, मी नागपूरचा, काटोलकडे संत्र्याची बाग आहे, रात्री-बेरात्री पिकअप घेऊन जावं लागते. मागच्या महिन्यात बंपरवर ५५ वॅटचे दोन हॅलोजन लावून घेतले. लावणाऱ्याने हेडलाइटच्याच वायरला जॉइंट मारला आणि डॅशवर एक छोटा स्विच देऊन दिला. दहा-पंधरा मिनिटं झाली की स्विचला हात लावता येत नाही, जळका वास येते, उजेडही पिवळट पडते. एकदा फ्यूज उडाला तर त्याने ३० अँपिअरचा टाकून दिला. काढून टाकू का लाइट?

उत्तर: लाइट राहू द्या, पण तो स्विच आता दाबू नका आणि ३० चा फ्यूज आधी काढून जागी मूळ नंबरचाच टाका, पुढचं मग वाचा.

हिशोब सोपा आहे. दोन मिळून ११० वॅट, बॅटरीच्या १२ व्होल्टने भागा, नऊ अँपिअरच्या वर गेले. कंपनीने हेडलाइटची वायर हेडलाइटपुरतीच मोजून दिलेली असते, तुम्ही तिच्यावर जवळपास तेवढाच लोड अजून टाकला आणि तो सगळा त्या बिचाऱ्या स्विचमधून नेला. फ्यूज उडाला तो बरोबरच उडाला. फ्यूज दिव्यासाठी नसतो हो, वायरसाठी असतो, मोठा टाकला की मग वायर तापते, आणि ती डॅशच्या आत तापते जिथे तुम्हाला दिसत पण नाही.

पिवळट उजेडाचं कारण पण वायरच. ०.७५ स्क्वेअरची (म्हणजे चौरस मिलिमीटर, तांब्याची जाडी) पातळ वायर, जाऊन-येऊन सहा मीटर धरा, नऊ अँपिअरला सव्वा व्होल्ट तर रस्त्यातच संपते, आणि हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड तीसेक टक्के पडतो. म्हणजे पैसे दोन लाइटचे दिले, उजेड दीडचाही नाही.

आता करायचं काय, तर चार पिनांची रिले घ्या, म्हणजे थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी, पिनांचे नंबर तिच्यावरच लिहिलेले असतात. आधी बॅटरीचा मायनस सोडा. बॅटरीच्या प्लसवरून २.५ स्क्वेअरची वायर काढा, त्यावर १५ अँपिअरचा फ्यूज (निळा असतो तो), तिथून रिलेची ३० नंबरची पिन. ८७ वरून लाइटला. ८५ अर्थला, ८६ स्विचवरून. रिलेच्या कॉइलला ०.२ अँपिअरच्या आतबाहेर करंट लागते, त्यामुळे तोच छोटा स्विच आता थंड राहील, नवा घ्यायची गरज नाही, फक्त आतून वितळला असेल तर बदला. स्विचला सप्लाय हायबीमच्या वायरवरून दिला तर डिपर मारला की हे पण बंद होतात, समोरचा शिव्या देत नाही. पण काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच मायनस बाजूने असतो, म्हणून टेस्ट लॅम्प (करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) लावून बघितल्याशिवाय जोडू नका.

फ्यूज बॅटरीपासून एका वीतभरात पाहिजे, हे मी स्वतः भोगून सांगतो. माझ्या जुन्या जीपमध्ये फ्यूज डॅशखाली होता आणि वायर पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेट (भोकाच्या काठावर बसते ती रिंग) न लावता नेली होती. वर्धा रोडला एका रात्री पत्र्याने सोलली ती वायर नेमकी बॅटरी आणि फ्यूजच्या मधे, फ्यूजला बाप्पा पत्ताच नाही, पाना शोधून टर्मिनल सोडेपर्यंत अर्धा मीटर प्लास्टिक गळून खाली टपकलं होतं. त्या भोकाची किंमत ग्रोमेटची, म्हणजे चहाच्या एका कपाएवढी.

जॉइंटवर नुसती काळी टेप नको, आपल्या मे महिन्यात बाहेरच ४५ डिग्री, बॉनेटखाली टेपचा गोंद पातळ होऊन ती सरकते. लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) क्रिम्प करा म्हणजे पक्कडीने दाबून बसवा, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. अर्थ देताना चेसिसचा रंग खरवडून चमकता पत्रा दिसला पाहिजे. दिव्यांचं तोंड थोडं खाली ठेवा, गावात आणि हायवेवर समोर गाडी असली की बंदच, बागेतल्या पांदणीत लावा हवे तेवढे.

प्रश्न: जुन्या बाइकला एलईडी फॉग लावला, हेडलाइटच्या वायरला जोडला तर नुसता फडफडतो. एलईडी खराब निघाला का?

उत्तर: बहुतेक नाही. जुन्या बऱ्याच १००-१२५ सीसी बाइकमध्ये हेडलाइट थेट इंजिनमधल्या वीज बनवणाऱ्या कॉइलच्या एसीवर (उलटसुलट वाहणाऱ्या करंटवर) चालतो, इंजिन हळू झालं की तोही मंद होतो, एलईडीला पाहिजे डीसी, बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट. बॅटरीवरून फ्यूज आणि रिले लावून घ्या. मग फॉग चालू ठेवून, थोडी रेस देऊन बॅटरीवर मीटर लावा, १३.५ व्होल्टच्या वर दिसलं तर चार्जिंग पुरतं आहे, १२.५ च्या खाली उतरत चाललं तर कमी वॅटचा घ्या, नाहीतर सकाळी किक मारत बसाल.