८ आणि ११ वर्षांच्या मुलींसाठी शांत पोनी कसा निवडावा?

तुम्ही ठाण्यात राहता, पनवेलच्या पुढे थोडी जमीन आहे, मुली नुकत्याच घोड्यावर बसायला लागल्यात आणि एक ४ वर्षांचं तट्टू तुमच्या मनात भरलंय, कारण 'ते मुलींबरोबरच शिकेल'. ते घेऊ नका. त्या वयात पुढचे सगळे पक्के दातही आलेले नसतात, ते पाचव्या वर्षी पुरे होतात. बुजल्यावर सावरायला त्याला शिकवणारा तयार स्वार लागतो. १० ते १६ वर्षांचा, लहान मुलांखाली काही वर्षं चाललेला पोनी शोधा. खच्ची केलेला नर सगळ्यात बरा. घोडी असेल तर माजावर असताना कशी वागते ते विचारा. खच्ची न केलेला नर कितीही गरीब दिसला तरी नको.

खरी मेख या 'गरीब' दिसण्यातच आहे. उपाशी जनावर गरीबच असतं. तुमच्याकडे दोन महिने पोटभर चारा आणि वर खुराक मिळाला की तेच लाथा झाडायला लागतं. फासळ्या हाताला लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. दुखणाईत जनावरही हळूच चालतं. त्याला कडक जमिनीवर, दोर सैल सोडून, दुडकीने पळवायला लावा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर उचललं जातं. तिसरी शक्यता गुंगीच्या औषधाची: खालचा ओठ लोंबतो, मान खाली जाते, चाल डुलते, नराचं लिंग बाहेर लटकत राहतं. शंका आली तर पशुवैद्याकडून तिथेच रक्ताचा नमुना काढून घ्या. एकदा तरी न कळवता जा.

उंची १२ हात (घोड्याच्या मापातला 'हँड', म्हणजे चार इंच), म्हणजे खांद्याच्या उंचवट्यापाशी सुमारे १२२ सेंटीमीटर, तुमच्या दोघी मुलींना पुरे. पण उंचीपेक्षा वजन पाहा. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी (खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत), भागिले ११,८८०. मापं सेंटीमीटरमध्ये घेतली की उत्तर किलोत येतं. घेर १४५ आणि लांबी १३० असेल तर सुमारे २३० किलो. स्वार आणि खोगीर मिळून याच्या पाचव्या हिश्शाच्या, म्हणजे ४६ किलोच्या, आत हवं. ३५ किलोची मुलगी आणि ७ किलोचं खोगीर आज बसतं, पण थोरली वाढत्या वयात आहे, हे धरून चला.

पारख तबेल्यापासून सुरू करा. खोगीर आधीच चढवून ठेवलेलं असेल तर ते उतरवायला सांगा. पकडायला गेल्यावर पळतो का, चारही खूर उचलू देतो का, तंग आवळताना कान मागे टाकून चावायला वळतो का, हे सगळं तुमच्यासमोर व्हायला हवं. आधी त्यांचा माणूस बसू दे, मग तुमच्या मुलींचे शिक्षक, मुली शेवटी. रिकिबीत पाय ठेवताना स्थिर उभा राहिला पाहिजे. इतर घोड्यांपासून एकटा दूर नेऊन परत आणा, कारण खोड इथेच उघडी पडते: जाताना अडतो आणि येताना तबेल्याकडे उधळतो. शेजारी छत्री उघडा, स्कूटरचा हॉर्न वाजवा. दचकून थांबला तर चालेल, गिरकी घेऊन पळाला तर नको.

वरातीची घोडी फटाक्यांना सरावलेली असते म्हणून बरेच जण सुचवतील. पण तिला जागेवर नाचायला शिकवलेलं असतं आणि कडक लगामाने तोंड बधिर झालेलं असतं. (काटेरी लगामावर १९६५च्या नियमांनुसार बंदी आहे, तरी तो दिसतो.) माथेरानला मोतद्दार दोर धरून नेतो तेव्हा शहाणा वाटणारा घोडा दोराशिवाय तसाच वागेल असं नाही. यात्रेत पंचकल्याणी रंगाचे (चारही पाय आणि तोंड पांढरं), देवमन भोवऱ्याचे (शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा) जास्त पैसे मागतील. त्याचा स्वभावाशी काडीचा संबंध नाही.

पैसे देण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा रक्त तपासणी अहवाल हवाच. हा रोग माणसालाही होतो आणि लागण झालेला घोडा मारावा लागतो. धनुर्वाताची लस कधी दिली तेही विचारा.

जमलं तर महिनाभर भाड्याने घ्या आणि तो महिना पावसाळ्यातला ठेवू नका. चिखलात खुरं कुजतात, पत्र्यावरच्या पावसाने बुजरेपणा वाढतो, आणि स्वभाव कुठला न् हवेचा परिणाम कुठला हे कळत नाही. पनवेलला तो एकटाच राहणार असेल तर सोबतीला निदान एखादी शेळी तरी ठेवा. कळपातलं जनावर एकटं पडलं की दिवसभर येरझाऱ्या घालतं, आणि पाठीवर मुलगी असतानाही त्याचं लक्ष फाटकाकडेच राहतं.